ताईचं वाक्य

ते वाक्य मुळात ताईचं होतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे ते इतक्या मोठमोठ्या तोंडांतून फिरून आलं की खुद्द ताईलाही ते परकं वाटायला लागलं होतं.

ताई म्हणजे गाउनवाल्या ताई. देशातल्या सगळ्यांत वरच्या कोर्टाच्या पाठीमागे एक अरुंद गल्ली होती आणि तिथे वकिलांचे नि जजांचे काळे गाउन शिवले जायचे. खाली दुकान, वर राहायची जागा, अशी एकमेकांना चिकटलेली घरं. ताईचं घर कोपऱ्यावर. मानेमागच्या बारीक चुण्या घालाव्यात तर ताईनेच, असा तिचा लौकिक. नवे वकील पहिल्यांदा गाउन घालून तिच्या आरशासमोर उभे राहायचे आणि ताई तोंडात टाचण्या धरून म्हणायची, "सरळ उभा राहा रे. आत्तापासूनच वाकलास तर पुढे कसं व्हायचं?" समोरच्या ओट्यावर काजं करणारा एक म्हातारा बसायचा. सगळी गल्ली त्याला काजूशेठ म्हणायची. खिशात दमडी नाही आणि नाव काजूशेठ, यावर तो स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचा.

तर ते वाक्य. ताई शाळकरी होती आणि तिचा धाकटा भाऊ तिच्या कमरेएवढा, तेव्हाची गोष्ट. आई आधीच गेली होती. वडीलही गेले आणि काकाने दोघांना घराबाहेर काढलं. भावाने दाराची चौकट दोन्ही हातांनी अशी घट्ट धरली की काकाच्याने ती सुटेना. रडून रडून पोरगं लालबुंद. काकाने हात उगारला. आता हे पोर मार खाणार, म्हणून ताईच्या तोंडून पटकन निघून गेलं, "छोट्या, रडू नको. घर म्हणजे काय भिंती असतात का? घर म्हणजे माणसं. मी आहे ना." पोराने हात सोडले. आपण बोललो ते साफ खोटं आहे, हे ताईला तेव्हाच कळत होतं. तिला भिंतीच हव्या होत्या, त्याच भिंती, कपाटामागे पोपडे आलेल्या. पण पोराचा मार चुकला, एवढं खरं.

पुढे ताई मशीनवर बसली आणि तिने छोट्याला शिकवलं. छोट्या वकील झाला, त्याचा पहिला गाउन अर्थातच ताईने शिवला. मग तो हायकोर्टात जज झाला. तिथे एकदा त्याच्यासमोर एका सुनेचा खटला आला. सासरच्यांनी तिला बाहेर काढलं होतं आणि वर म्हणत होते, दुसरीकडे खोली घेऊन देतो की, चार भिंती इथे काय नि तिथे काय! छोट्याने सुनेच्या बाजूने निकाल दिला आणि त्यात लिहिलं, 'घर म्हणजे भिंती नव्हेत. घर म्हणजे माणसे.' त्यातलं 'मी आहे ना' तेवढं गाळलं. निकालात असलं काही शोभत नाही म्हणे.

वाक्य गाजलं. कायद्याची पोरं ते परीक्षेत लिहायला लागली, पुढारी भाषणात घालायला लागले. कहर म्हणजे भिंतींचे रंग विकणाऱ्या एका कंपनीने ते आपल्या कॅलेंडरवर छापलं! ताईने ते कॅलेंडर दुकानात टांगलं. हे वाक्य आपल्याला कुणी शिकवलं ते भावाला आठवत होतं की नाही, देव जाणे. ताईने तो विषय कधी काढला नाही. भावाचं कौतुक चाललंय, त्यात आपलं घोडं कशाला दामटा.

भाऊ निवृत्त झाला, बायको गेली, मुलगी परदेशात राहिली. मग तो रोज ताईच्या दुकानात येऊन बसायला लागला. सत्तरीतला, पांढऱ्या केसांचा, अख्ख्या शहरात मान असलेला माणूस; पण गल्लीत पाऊल टाकलं की छोट्याच.

आणि मग ती नोटीस आली. वरच्या कोर्टाला नवी इमारत हवी होती आणि गाड्या लावायला तळ. त्यासाठी सरकारने गल्ली घ्यायचं ठरवलं. सही करतील त्यांना शहराबाहेर नवीन गाळा, सही करणार नाहीत त्यांना काहीच नाही. काही जणांनी गुपचूप सह्या केल्या नि सामान हलवलं. बाकीचे ताईच्या दुकानात जमले. ताईकडे आले म्हणजे खरं तर छोट्याकडेच आले.

"कुणीही सही करू नका," भाऊ म्हणाला. "राहत्या माणसाला असं उचलून कुठेही टाकता येत नाही. माझाच निकाल आहे. वरच्या कोर्टानेही तो उचलून धरलाय."

"पण छोट्या, जागा कोर्टालाच हवीय ना?" ताई म्हणाली. "मग ज्याला हवीय तोच ठरवणार, द्यायची का नाही ते?"

भाऊ हसला. "ताई, ते वरचं कोर्ट आहे. तिथली माणसं असा विचार करत नाहीत गं."

"तिथे माणसंच बसतात ना पण?"

काजूशेठने सुईत दोरा ओवता ओवता मान वर केली. "साहेब, माझं काज चुकलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या काजवाल्याकडे जातं. वरच्या कोर्टाचं चुकलं तर कुणाकडे जायचं?"

"त्याच्या वर कुणी नाही."

"म्हणजे ते चुकतच नाहीत?"

"चुकतात की," भाऊ मजेत म्हणाला, "पण ते चुकले की तेच बरोबर होतं!"

सगळे खो खो हसले. ताईही हसली. गल्लीने सही केली नाही. इतक्या मोठ्या माणसाचा शब्द, त्यावर कोण शंका घेणार? केस लढायला एक तरुण वकीलबाई पुढे आली. तिचा गाउन ताईनेच शिवलेला होता.

निकालाच्या दिवशी सगळे कोर्टात गेले. ताई इतकी वर्षं कोर्टाच्या सावलीत राहिली होती, पण आत पाऊल टाकायची तिची ही पहिलीच वेळ. लाकडी बाकं, उंच छत, नुसती कुजबुज. जज येऊन बसले आणि ताईची नजर आपोआप गाउनवर गेली. मधल्या जजाचा गाउन तिच्याच हातचा होता. त्यांचा उजवा खांदा जरा उतरता, म्हणून तिने आतून पातळ गादी घातली होती. आज दोन्ही खांदे कसे सरळ दिसत होते! ताईला उगाचच धीर आला. आपल्या हातचं कापड अंगावर घालून कुणी आपलंच वाईट करील, असं तिच्या मनातही आलं नाही.

मधले जज वाचायला लागले. कोर्टाची भाषा ताईला येत नव्हती. ती शेजारी बसलेल्या भावाच्या चेहऱ्यावरून निकाल वाचत होती. बराच वेळ चेहरा कोरा. मग एकदम भाऊ ताठ झाला, डोळे चमकले आणि त्याने ताईला कोपराने ढोसलं. "माझं वाक्य!" तो कानाशी पुटपुटला. "माझं वाक्य वाचतायत. माझ्या नावानिशी!"

ताईचा जीव भांड्यात पडला. तिने मागे वळून काजूशेठला डोळ्यांनी खूण केली. काजूशेठने शेजारच्याला, शेजारच्याने पलीकडच्याला. सगळ्या बाकावर हसू पसरत गेलं. कुणीतरी हळूच डोळे पुसले. जिंकलो रे, जिंकलो!

भावाचं कोपर अजून ताईच्या दंडाला टेकलेलं होतं. ते हळूहळू थंड पडल्यासारखं झालं. ताईने बघितलं तर भावाच्या तोंडावरचं हसू होतं तिथेच होतं, पण डोळ्यांत काही नव्हतं. जज वाचत होते. 

"काय रे? काय झालं?"

जज उठले, दार लागलं, बाकावरचे लोक अजून हसतच होते. समोर वकीलबाई हातातले कागद धरून पुतळ्यासारखी उभी. तिच्याकडे बघितलं आणि ताई बाकावरून उठली.

बाहेर पायऱ्यांवर वकीलबाईने सांगितलं. तिला नीट सांगताही येईना. "कोर्ट म्हणतंय, की या देशात एका थोर न्यायमूर्तींनी आम्हांला शिकवलंय, घर म्हणजे भिंती नव्हेत, घर म्हणजे माणसं. तर या गल्लीत सरकार फक्त भिंती पाडतंय. माणसांना कुणी हात लावत नाहीये. तेव्हा रहिवाशांचं घर कुणी काढून घेतलं, असं म्हणताच येत नाही. ते आपलं घर... ते आपलं घर बरोबर घेऊन जाऊ शकतात."

"काय?" ताई म्हणाली.

"असंच लिहिलंय. आणि घर गेलंच नाही, तर त्याच्या बदल्यात गाळा तरी कशाचा द्यायचा? म्हणून गाळा पण नाही. जागा रिकामी करायची."

कुणाचाच कानांवर विश्वास बसेना. भर पायऱ्यांवर माणसं तोंडात मारल्यासारखी उभी राहिली. ताईला तर क्षणभर वाटलं, वकीलबाई थट्टा करतेय. अशी थट्टा करतात काही लोक. मग वाटलं, भाषेची गफलत झाली असेल, वाचताना एखादा 'नाही' राहून गेला असेल. एवढी शिकलेली, एवढी म्हातारी माणसं, गाउन घालून, उंचावर बसून असं कसं बोलतील? शेंबड्या पोराला विचारलं तरी ते सांगेल, की बाबा, भिंती पाडल्यावर झोपायचं कुठे!

"तिघांचंही एकमत?" भावाने विचारलं. आवाज त्याचा वाटतच नव्हता.

"तिघांचंही, सर."

काजूशेठ पायरीवर मटकन बसला. "साहेब," तो म्हणाला, रागाने नाही, नुसताच म्हणाला, "आम्ही तुमच्या वाक्याच्या भरवशावर सही केली नाही हो."

भावाने त्याच्याकडे बघितलं आणि त्याची मान खाली गेली. ज्या माणसासमोर अख्खं हायकोर्ट उठून उभं राहायचं, त्याची मान अशी खाली गेलेली बघणं ताईला सोसवेना. ती त्याचा हात धरून त्याला गल्लीत घेऊन आली.

मग भाऊ पेटून उठला. फेरविचाराचा अर्ज करू म्हणाला. दुकानातच कटिंगच्या टेबलावर त्याने पुस्तकं मांडली, गाउनांची कापडं बाजूला सारली. "माझ्या वाक्याचा अर्थ हा नाही. मला विचारा की! मी अजून जिवंत आहे!" असं तो स्वतःशीच मोठमोठ्याने बोलायचा. ताईने विचारलं, "हा अर्ज कुणापुढे जाणार?"

"त्याच तिघांपुढे."

"त्याच? आणि तू जाऊन सांगणार त्यांना?"

"नाही. बंद खोलीत बघतात ते. आपण आत जायचं नसतं."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, म्हणजे ज्याने कापड चुकीचं कापलं, त्यालाच जाऊन विचारायचं, बाबा रे, चुकलं का? आणि तेही दाराबाहेर उभं राहून?"

आयुष्यभर ही पद्धत भावाला माहीत होती आणि आयुष्यभर ती त्याला ठीकच वाटत आली होती. आता ताईच्या तोंडून ऐकताना तो असा दचकला, जणू काही पहिल्यांदाच ऐकतोय.

उत्तर लवकर आलं. एका ओळीचं. पुन्हा विचार केला, फेरविचाराचं कारण दिसत नाही. वकीलबाईने ते वाचून दाखवलं, मग अंगातला गाउन काढून घडी घातली नि ताईच्या टेबलावर ठेवला. "दोन दिवस तुमच्याकडेच राहू दे, ताई. आज तो अंगात घालवत नाही," म्हणाली आणि तोंड फिरवून निघून गेली.

दुकानात दोघंच उरली. भिंतीवर ते रंगाच्या कंपनीचं कॅलेंडर. भाऊ त्याच्याकडे बघत म्हणाला, "सगळी माझी चूक, ताई. मी कशाला लिहिलं असलं शोभेचं वाक्य? सरळ कायदा लिहायचा होता. कुठून सुचलं मला!"

"तुला नाही सुचलं ते," ताई म्हणाली. "माझं वाक्य आहे ते."

"म्हणजे?"

"काकाने बाहेर काढलं तेव्हा तू चौकट सोडत नव्हतास. मी म्हटलं होतं तुला."

ताईला भावाच्या चेहऱ्यावर ते सगळं परत येताना दिसलं. काकाचा उगारलेला हात, दार, सगळं. तो आ वासून तिच्याकडे बघत राहिला. "तू... आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तू त्या पोरीला घर मिळवून दिलंस त्या वाक्यावर. मला बरं वाटलं." ताईने उठून कॅलेंडर काढलं आणि त्याची सुरळी केली. मग मात्र तिचा तोल गेला. तिचा आवाज चढला, शेजारी ऐकतायत याचं तिला भान राहिलं नाही. "पण मी ते का म्हटलं होतं? घर गेलं होतं म्हणून! घर गेलेल्या पोराला काहीतरी सांगायचं होतं म्हणून! ते घर गेलेल्याने बोलायचं असतं रे, घर घेणाऱ्याने नाही! काकाने म्हटलं असतं तर? एका हाताने आपल्याला ढकलत काका म्हणाला असता, घर म्हणजे काय भिंती असतात का, तर काय वाटलं असतं तुला? कशी जीभ वळली यांची? आणि तू पण! पुढचं गाळलंस कशाला? 'मी आहे ना' म्हटलं होतं मी. ज्याला हे म्हणायचं त्याने जवळ उभं राहायला लागतं. हे तिघं राहणार आहेत का आपल्याजवळ उभे?"

इतकं बोलून ती मशीनवर जाऊन बसली. पायडलवर पाय ठेवला, पण मशीन चालवलं नाही.

पाडायला आले ते सकाळी, दुकानं उघडायच्या वेळेला. पिवळं यंत्र गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं. आतले लोक सामान काढत होते. मशीनं, इस्त्र्या, आरसे, कापडाचे तागे, सगळं रस्त्यावर. काजूशेठ आपली सुयांची डबी खिशात घालून ओट्यावर बसून होता. उठून जायचं कुठे, हे त्याला ठरवता येत नव्हतं. पलीकडे कोर्टाच्या खिडक्यांतून काही वकील बघत होते. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या अंगावर याच गल्लीतले गाउन होते.

ताईचं सामान बाहेर आलं. शेवटी ती बाहेर आली. आणि वळून बघते तर भाऊ दारातच. त्याने दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली होती. पांढरे केस विस्कटलेले, चष्मा नाकावर घसरलेला, आणि म्हातारा माणूस पोरासारखा हमसून हमसून रडत होता. त्याचा न्यायमूर्तीपणा, त्याची पुस्तकं, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं.

यंत्रवाल्याने इंजिन बंद केलं. एक सरकारी साहेब पुढे आला. त्याने भावाला ओळखलं असावं, कारण तो चांगलाच गडबडला. "सर, प्लीज. सर, असं नका करू," असं दोन-तीनदा म्हणून पाहिलं. दोन शिपायांनी बोटं सोडवायचा प्रयत्न केला. सुटेनात. मग तो साहेब ताईकडे वळला.

"आजी, तुम्हीच समजवा त्यांना. तुमचं ऐकतील."

खरंच होतं ते. ताईला ठाऊक होतं, कुठल्या शब्दांनी हे हात सुटतात. ते शब्द तिच्या जिभेवर अगदी तयार होते. ती दारापाशी गेली. साहेब एक पाऊल मागे सरला, तिला जागा करून द्यायला.

ताईने भावाचा चष्मा नाकावर नीट बसवला. मग त्याच्या शेजारी उभी राहिली आणि चौकटीची दुसरी बाजू तिने दोन्ही हातांनी धरली.

"रड, छोट्या," ती म्हणाली. "मी आहे ना."

साहेब त्या दोघांकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि वर कुणाला तरी विचारायला तो गल्लीच्या तोंडाशी गेला.